ऑक्टोबरचं सोनं

एडमंटनहून आतेबहिणीचा फोटो आला. नॉर्थ सास्कॅचेवान नदी, दोन्ही काठांवर पिवळीधम्मक झाडं आणि वर निळंशार आकाश. खाली एकच ओळ : ‘आहे का रे तुमच्याकडे असलं काही?’

भिवंडीकराला असं डिवचायचं नसतं, बॉस!

भिवंडी म्हटलं की तुम्हाला आठवतात पॉवरलूमची खडखड, गोडाऊन्स आणि कंटेनरमागे रखडलेली तुमची कॅब. मान्य. पण ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी बाइक काढा आणि अंबाडीमार्गे वज्रेश्वरी गाठा. तानसा नदीचं हे खोरं आमच्याच तालुक्यातलं. याच नदीवर वर शहापूर तालुक्यात १८९२ साली बांधलेलं धरण आहे. मुंबईकरांनो, त्यातलं पाणी तुम्ही रोज पिता. खाली अकलोलीला नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आणि टेकडीवर देवीचं देऊळ. १७३९मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडला, तो इथेच.

आता ‘ऑटम’चं बोलू. आपल्याकडे ऑक्टोबरात पानगळ नसते. ती येते शिशिरात. आणि लाल पानं हवी असतील तर थेट मार्चपर्यंत थांबा. तेव्हा कोशिंबाला लालबुंद पालवी फुटते. म्हणजे तिकडे पान जाताना लाल होतं, आपल्याकडे येताना! आपला शरदातला पिवळा रंग झाडावर नसतोच, तो जमिनीवर असतो. भाताचा. हळवं भात कापणीला आलेलं, शेजारचं गरवं अजून हिरवट, बांधावर गुलाबी-पांढरे कुर्डूचे तुरे. फ्रेम तयार!

फक्त उशिरा उठू नका. साडेसहाच्या सुमारास सूर्य वर येतो, नऊनंतर नुसतं ऊन. सूर्य समोर ठेवून काढा, लोंब्या आतून पेटल्यासारख्या दिसतात. एक्स्पोजर थोडं कमी करा. आणि व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवू नका. तो शहाणा कॅमेरा पिवळेपणाला दोष समजतो आणि तुमचं सोनं धुऊन टाकतो. ‘डेलाइट’ लावा, झालं.

हे सगळं ज्ञान पाजळून मी परत निघालो. अंबाडीच्या अलीकडे रस्त्यालगत एक झकास शेत दिसलं. ट्रायपॉड लावला आणि बांधावरून आवाज आला, “मोजणीला आलास काय रे?”

साठी ओलांडलेल्या आजी. हातात विळा. तिपाई आणि त्यावर यंत्र म्हणजे जमीन मोजणारा माणूस, हा त्यांचा अनुभव. शेजारच्या शेतात आधी अशीच तिपाई आली, मग मातीचा भराव, मग निळ्या पत्र्यांचं गोडाऊन.

“नाही हो आजी, फोटो काढतोय. भाताचा.”

“भाताचा? त्यात काय बघायचं?” त्या हसल्या, पण विळा खाली ठेवला. मग स्वतःच येऊन स्क्रीनमध्ये डोकावल्या.

मी तोवर निळे पत्रे फ्रेमबाहेर काढण्याच्या खटपटीत होतो. डावीकडे सरकलो, खाली बसलो. काही केल्या कोपऱ्यात पत्रा येतच होता. शेवटी त्यांना म्हटलं, “हे गोडाऊन नंतर कापून टाकतो. नुसतं शेत ठेवतो.”

“ते कशाला कापतोस? माझा नातू तिथेच कामाला आहे. राहू दे की.”

मी गप्प. मला शेत वाचवायचं होतं, तेही फक्त फोटोत. आजींना शेतही ठेवायचं होतं आणि नातवाचा पगारही. नातू भात कापायला येणार का, हे मी विचारलं नाही. त्या एकट्याच कापत होत्या, ते दिसत होतंच.

घरी येऊन बहिणीला फोटो पाठवला. न कापता. पुढे सोनेरी भात, मागे निळा पत्रा. अर्ध्या तासाने तिचं उत्तर आलं : ‘मस्त आहे. खरं सांगू? माझ्या फोटोत उजवीकडे दोन टॉवर होते. मी कापले.’

बघा, आपण सगळेच कापतो. मीही वर्षानुवर्षं कापत आलोय. आता ठरवलंय, दर ऑक्टोबरला त्याच बांधावर त्याच जागी उभं राहायचं आणि समोर जे असेल ते सगळं घ्यायचं. भात किती उरलं आणि पत्रा किती वाढला, हे मग फोटोच सांगेल.

आजींसाठी प्रिंट काढून ठेवलीय. येत्या रविवारी द्यायला जाणार आहे. ट्रायपॉड मात्र घरीच ठेवीन म्हणतो. उगाच धसका नको!