फँटसी फुटबॉल : कौशल्य सिद्ध व्हायला किती आठवडे लागतात?

चेन्नई : येथील जॉर्ज टाउन भागात, पॅरीज कॉर्नरच्या गजबजलेल्या चौकासमोर मद्रास उच्च न्यायालयाची १८९२ मधील तांबडी इमारत उभी आहे. मोबाइलच्या पडद्यावर पैसे लावून खेळला जाणारा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न २०२० पासून पाच वर्षे या इमारतीत पुनःपुन्हा विचारला गेला. शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन विधेयकावर स्वाक्षरी केली आणि निदान कायद्याच्या पुस्तकापुरता तो प्रश्न बाद झाला. नव्या कायद्याच्या लेखी खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा. जिंकण्याच्या आशेने पैसे भरावे लागत असतील तर तो खेळ उपलब्ध करून देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

योगायोग असा, की त्याच शुक्रवारी भारतीय वेळेनुसार रात्री अकरा वाजता इंग्लिश प्रीमियर लीगच्या अधिकृत आणि विनामूल्य फँटसी खेळात दुसऱ्या आठवड्याचा संघ निवडण्याची मुदत संपली. पहिला सामना वेस्ट हॅम विरुद्ध चेल्सी असा होता. वेस्ट हॅमने आधीच्या शनिवारी नव्याने बढती मिळालेल्या संडरलंडकडून ०–३ असा मार खाल्ला होता. साहजिकच चेल्सीचा कोल पामर संघात घ्या, जमल्यास कर्णधारही करा, हा सल्ला तर्काला धरून होता. मुदत संपली, चेल्सीचा संघ जाहीर झाला, त्यात पामरचे नाव होते. आणि सामन्यापूर्वीच्या सरावातच दुखापतीमुळे त्याला माघार घ्यावी लागली. चेल्सीने ५–१ असा विजय मिळविला. पामरच्या जागी आलेला तरुण एस्तेव्हाव खेळला, ज्वाव पेद्रोने गोल केला आणि सहकाऱ्यांच्या गोलांनाही हातभार लावला. पामरवर भिस्त ठेवणाऱ्यांच्या खात्यात त्याच्या नावापुढे शून्य लागले.

सल्ला चुकला होता काय? नव्हता. चेल्सीचे आक्रमण त्या रात्री फळेल, हा अंदाज तंतोतंत खरा ठरला. चूक होती ती केवळ नावाची, आणि ती कोणाला आधी कळणे शक्य नव्हते. योग्य विचार आणि योग्य निकाल यांच्यातील हे अंतर किती खेळींनंतर भरून निघते, यावर या खेळाचे स्वरूप ठरते. न्यायालयीन वादात या मुद्द्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

या वादाची मुळे जुनी आहेत आणि त्यांतील दोन मद्रास व मुंबई या शहरांत आहेत. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या १९५७ च्या शब्दकोडे स्पर्धांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाकारले. यश प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून असलेल्या स्पर्धांना मात्र ते खुले ठेवले. दुसरा खटला मद्रासच्या घोड्यांचा. तमिळनाडूने १९७४ मध्ये घोड्यांच्या शर्यतींवर बंदी घालणारा कायदा केला, तो उच्च न्यायालयात टिकला, पण के. आर. लक्ष्मणन खटल्यात १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे ठरविले. घोड्याची पैदास, त्याला मिळालेली तालीम, स्वार, अंतर, वजन यांचा अभ्यास करून लावलेली पैज ही फासे टाकण्यासारखी नव्हे, असा त्या निवाड्याचा आशय होता. फँटसी खेळ चालविणाऱ्या कंपन्यांनी पुढे हाच युक्तिवाद घोड्यांच्या जागी खेळाडू ठेवून मांडला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये व मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबईच्याच ड्रीम इलेव्हनच्या बाजूने तो मान्य केला.

तमिळनाडू सरकारची बाजू निराळी होती. ऑनलाइन खेळांत कर्जबाजारी झालेल्यांच्या आत्महत्यांचे कारण पुढे करून राज्याने नोव्हेंबर २०२० मध्ये वटहुकूम आणि नंतर कायदा केला. ३ ऑगस्ट २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. मग माजी न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली गेली, नवे विधेयक आले, राज्यपालांनी ते परत पाठविले, विधानसभेने पुन्हा संमत केले आणि एप्रिल २०२३ मध्ये कायदा अस्तित्वात आला. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी मुख्य न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने कायदा राखला, पण रमी आणि पोकर यांवरील बंदी काढून टाकली. गंगापूरवाला मुंबई उच्च न्यायालयातूनच चेन्नईला गेले होते. या निवाड्यातील अधिक मोलाचा भाग बातम्यांत मागे पडला: कौशल्याच्या खेळावर सरसकट बंदी नको, परंतु वय, वेळ आणि खर्च यांवर राज्य मर्यादा घालू शकते, असे खंडपीठाने म्हटले होते.

त्या वाटेने राज्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांसाठी आधारद्वारे ओळख पटविण्याची आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत प्रवेश बंद ठेवण्याची सक्ती केली. ३ जून २०२५ रोजी उच्च न्यायालयाने हे नियमही वैध ठरविले. फुटबॉलच्या दृष्टीने ही वेळ लक्षणीय आहे. युरोपातील सायंकाळचे बहुतेक मोठे सामने भारतात मध्यरात्रीनंतरच सुरू होतात. म्हणजे क्रिकेटच्या चाहत्याला ज्याची झळ क्वचित लागली असती, तो नियम फुटबॉलच्या चाहत्याला नेमका सामन्याच्या घटकेलाच अडविणारा होता. तरीही त्यामागचा विचार अस्थानी नव्हता. खेळाचे स्वरूप काळाशी बांधलेले असते, हे त्यात प्रथमच मान्य झाले. फक्त तो काळ रात्रीच्या तासांत मोजला गेला, हंगामाच्या आठवड्यांत नव्हे.

आठवड्यांचा हिशेब कसा चालतो, हे प्रीमियर लीगच्या खेळात स्वच्छ दिसते. दहा कोटी पौंडांच्या काल्पनिक रकमेत पंधरा खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे तीनपेक्षा अधिक नकोत. प्रत्येक आठवड्याला अकरा मैदानात, चार राखीव. कर्णधाराचे गुण दुप्पट. आघाडीपटूच्या गोलाला चार, मधल्या फळीतील खेळाडूच्या गोलाला पाच, बचावपटूच्या गोलाला सहा. संघाने एकही गोल खाल्ला नाही आणि खेळाडू किमान साठ मिनिटे मैदानात असला, तर बचावपटू व गोलरक्षकाला चार. आठवड्याला एक बदल विनाशुल्क, न वापरल्यास तो साठतो, पाचपर्यंत. त्याहून अधिक बदल केल्यास प्रत्येकी चार गुण वजा. असे अडतीस आठवडे.

या चौकटीत जाणकारांचा सल्ला काही ठरावीक गोष्टींभोवती फिरतो आणि त्या गोष्टी कंटाळवाण्या वाटाव्यात इतक्या साध्या आहेत. खेळाडू किती मिनिटे खेळेल? पेनल्टी आणि कॉर्नर कोण घेतो? पुढील चार-पाच प्रतिस्पर्धी कोण आहेत? आठवड्याच्या मध्यात युरोपीय सामना असल्यास प्रशिक्षक कोणाला विश्रांती देतो? मागील सामन्यात दोन गोल करणारा खेळाडू विकत घेण्याची ओढ सर्वांनाच असते. २०२५-२६ च्या पहिल्याच सामन्यात, १५ ऑगस्टला, बोर्नमथच्या आंत्वान सेमेन्योने अॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध दोन गोल केले आणि त्याची मागणी वाढली. दोन दिवसांनी आर्सेनलचा बचावपटू रिकार्डो कालाफिओरी याने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध सामन्यातील एकमेव गोल केला. गोलाचे सहा आणि प्रतिस्पर्ध्याला रोखल्याचे चार असे दहा गुण त्याला एका दुपारी मिळाले. पैकी सेमेन्यो तेव्हा आपल्या संघाच्या आक्रमणाचा कणा होता, त्यामुळे त्याच्या गोलांमागे सातत्याची शक्यता होती. बचावपटूच्या कॉर्नरवरील गोलाबाबत तसे म्हणता येत नाही. दोन्ही कामगिऱ्या गुणफलकावर सारख्याच चमकतात. त्यांतील कोणती पुन्हा घडण्याजोगी आहे, हे ओळखणे म्हणजेच या खेळातील कौशल्य.

२०२५-२६ च्या एका नव्या नियमाने या कौशल्याला थोडे अधिक बळ दिले. चेंडू दूर करणे, फटका अडविणे, पास मध्येच तोडणे आणि टॅकल यांची बेरीज दहा झाल्यास बचावपटूला दोन गुण मिळतात. इतरांना चेंडू परत मिळविण्याच्या कृती धरून बारा लागतात. गोल ही दुर्मीळ घटना, त्यात दैवाचा वाटा मोठा. चेंडू दूर करणे मात्र दर सामन्यात पुनःपुन्हा घडते आणि एव्हर्टनच्या जेम्स टार्कोव्स्कीसारखे मध्यबचावपटू ते इमानाने करीत असतात. परिणामी सतत दबावाखाली खेळणाऱ्या संघातील स्वस्त बचावपटूही संघात घेण्याजोगा ठरतो.

तरीही एका आठवड्यात काहीही होऊ शकते. मोहम्मद सालाहने २०२४-२५ च्या हंगामात २९ गोल आणि १८ गोलसाहाय्ये करून ३४४ गुण मिळविले. या खेळाच्या इतिहासातील तो उच्चांक. सरासरी आठवड्याला नऊ. पण त्याच हंगामात, १४ सप्टेंबर २०२४ रोजी, लिव्हरपूल स्वतःच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०–१ असे हरले. त्या दिवशी सालाहला कर्णधार करण्याचा सल्ला कोणीही दिला असता आणि तो योग्यच ठरला असता. गुण मात्र पडले नाहीत. अडतीस आठवड्यांच्या खेळात असा दिवस पोटात घेता येतो. सालाहवर वर्षभर विश्वास ठेवणारा अखेरीस पुढे गेला. केवळ त्या शनिवारी पैसे लावणाऱ्याला पुढचा आठवडाच नव्हता.

आयर्लंडमधील गणितज्ञांच्या एका गटाने २०२१ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रीमियर लीगच्या याच विनामूल्य खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अग्रस्थानी राहणारे सहभागी अनेक हंगामांत सातत्याने चांगली कामगिरी करतात आणि हंगाम पुढे सरकतो तसे त्यांचे संघ एकमेकांसारखे होत जातात, असे त्यात आढळले. म्हणजे कौशल्य आहे. परंतु ते हंगामांच्या मोजपट्टीवर दिसते.

भारतात व्यापार उभा राहिला तो नेमका उलट टोकाला. एक सामना, एक संध्याकाळ, अकरा खेळाडू, कर्णधाराचे दुप्पट आणि उपकर्णधाराचे दीडपट गुण. किमान एक पूर्ण सामना ही अट कौशल्याचा पुरावा म्हणून पुढे केली जाई. पण लाखो स्पर्धक आणि पहिल्या काहींनाच मोठे बक्षीस अशी रचना असली, की जाणकारीचे गणितच उलटते. सर्वांनी निवडलेला उत्तम संघ घेऊन पहिला क्रमांक मिळत नाही, कारण तोच संघ हजारोंकडे असतो. जिंकायचे तर इतरांनी न घेतलेला, म्हणजेच यशाची शक्यता कमी असलेला खेळाडू कर्णधार करावा लागतो. हुशार खेळाडू जितका नियमांना अनुरूप वागेल तितका तो सोडतीच्या जवळ सरकतो. समाजमाध्यमांवर ‘आजचा विजयी संघ’ पैसे घेऊन विकणाऱ्यांचा धंदा याच फटीतून फोफावला. त्यांच्या सल्ल्याची परीक्षा कधी होतच नसे. हरलेला संघ दुसऱ्या दिवशी विस्मरणात जाई आणि जिंकलेल्याचे छायाचित्र फिरत राही.

न्यायालयांपुढे ‘फँटसी खेळ’ या एकाच नावाखाली या दोन्ही गोष्टी आल्या आणि दोन्हींना एकच उत्तर मिळाले: आधी दोन्ही कौशल्याच्या, आता दोन्ही निषिद्ध. पहिल्या उत्तराने एका रात्रीच्या सट्ट्याला अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. दुसऱ्याने हंगामभर चालणाऱ्या सशुल्क स्पर्धेलाही तोच शिक्का मारला. शुल्कावर कमाल मर्यादा, स्पर्धेचा किमान कालावधी, बक्षिसांची अधिक समान वाटणी, अशा अटी घालण्याची वाट मद्रासच्या २०२३ च्या निवाड्याने मोकळी ठेवली होती. संसदेने मात्र २० आणि २१ ऑगस्ट अशा दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून बंदीचे विधेयक संमत केले. लागलीच ड्रीम इलेव्हनने सशुल्क स्पर्धा थांबविल्या, भारतीय क्रिकेट संघाचे प्रायोजकत्व सोडले आणि सप्टेंबरमधील आशिया चषकात संघ प्रायोजकाच्या नावाविना खेळला. कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयांतील आव्हान याचिका सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर रोजी स्वतःकडे वर्ग करून घेतल्या आहेत.

कर्जाच्या ओझ्याखाली चिरडल्या गेलेल्या कुटुंबांचा विचार करता बंदीविरुद्ध हळहळ व्यक्त करणे अवघड आहे, हेही मान्य करावे लागते.

भारतीय फुटबॉलपुरते पाहता २०२५ च्या उत्तरार्धात निवडायला संघच नव्हते. जॉर्ज टाउनपासून हाकेच्या अंतरावरील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर खेळणारा, २०१५ आणि २०१७-१८ चा विजेता चेन्नईयिन एफसी तेव्हा वेळापत्रकाविना होता. इंडियन सुपर लीगचा हंगाम ११ जुलै २०२५ रोजी स्थगित करण्यात आला होता. म्हणून येथील चाहत्यांची साप्ताहिक बेरीज-वजाबाकी त्या काळात इंग्लंडच्या सामन्यांवरच चालत होती, तीही पैशांविना.

त्यांच्यासाठी एक व्यवहारी सूचना. ब्रिटनमधील घड्याळे २६ ऑक्टोबर २०२५ रोजी एक तास मागे गेली. शनिवारचा पहिला सामना तेथील दुपारी साडेबाराला असेल, तर संघ निश्चित करण्याची मुदत भारतात तोवर दुपारी साडेतीनला संपत होती. त्यानंतर ती साडेचारला संपू लागली.