३० सप्टेंबरचा पट

महाराष्ट्रातल्या शाळेला शिक्षक किती मिळणार, हे ३० सप्टेंबरला ठरते. त्या दिवशीच्या पटावरून संचमान्यता होते, संचमान्यतेवरून पदे ठरतात आणि पदांवरून पगाराचे पैसे. हीच तारीख धरून यू-डायस या देशभरातल्या शाळांच्या नोंदणीतली माहिती दिल्लीला जाते आणि समग्र शिक्षा योजनेतला केंद्राचा साठ टक्के व राज्याचा चाळीस टक्के वाटा तिच्या आधाराने आखला जातो. मग दसरा उरकतो आणि बीडमधल्या शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, अहिल्यानगरमधल्या पाथर्डी या भागांतून ऊसतोड्यांच्या गाड्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगावर फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. आणि त्या कोयत्याबरोबर, पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती आणि शेळ्या-कोंबड्यांच्या गर्दीत, नुकतीच पटावर मोजलेली पोरे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा गावात गुरुजी असतात, त्यांचे पद असते, हजेरीपटावर नावे असतात. मुले मात्र सांगली-कोल्हापूर-साताऱ्याच्या थळावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या मुक्कामाच्या तळावर, पोहोचलेली असतात. काही तर सीमा ओलांडून बेळगावकडे.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर संचमान्यता कशाला, असे कोणी विचारील. एक तर अंक आणि गळीत हंगाम साधारण एकाच सुमारास निघतात. दुसरे म्हणजे सहकारी साखर कारखान्यांच्या दीपावली शुभेच्छा मराठी दिवाळी अंकांत वर्षानुवर्षे छापल्या जातात, याही अंकात आहेत, आणि आमचा कागद-छपाईचा थोडा खर्च त्यातून निघतो. या विषयाशी आपले काय देणेघेणे, असे म्हणण्याची सोय आम्हाला राहिलेली नाही.

आमचे म्हणणे लांबलचक नाही. सरकार शाळेला पैसा देते तो जागा पाहून, आणि ही मुले वर्षातले पाच-सहा महिने त्या जागी नसतात. ऊसतोड कामगारांचे अंदाज आठ लाखांपासून बारा-पंधरा लाखांपर्यंत जातात. एवढ्या मोठ्या लोकसंख्येची मुले जिथे मोजली जातात तिथे नसतात आणि जिथे असतात तिथे मोजली जात नाहीत.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. या शतकाच्या सुरुवातीला ‘जनार्थ’सारख्या संस्थेने कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड्यांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवल्या. त्या खोपटातल्या होत्या, पण फडाजवळ होत्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि निकषांत बसणाऱ्या नियमित शाळेचा आग्रह सुरू झाला. साखरशाळा मागे पडल्या. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे. म्हणजे पाथर्डीकडून आलेली असोत की शिरूरहून, थळावरच्या मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेने घ्यायचे. मुख्याध्यापक घेतातही, नाही म्हणत नाहीत. पण नोव्हेंबरात वाढलेल्या तीस मुलांसाठी त्यांच्या शाळेला शिक्षक कोण देणार? त्यांची संचमान्यता तर सप्टेंबरातच झाली. शाळा तीन किलोमीटरवर, मधे उसाच्या वाहतुकीचा रस्ता, आणि आईबाप पहाटे अंधारात फडात गेलेले. प्रवेश नोंदला जातो, मूल थळावरच्या झोपडीत, कोपीवर राहते. दहा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते; तिच्याहून मोठी असेल तर मोळ्या बांधते, वाढे विकायला बसते.

दुसरा उपाय हंगामी वसतिगृहांचा. मुलाने गावातच आजीजवळ राहायचे, शाळा व्यवस्थापन समितीने दोन वेळचे जेवण द्यायचे. कल्पना चांगली. नावात वसतिगृह असले तरी बऱ्याच ठिकाणी ती जेवणाची सोयच असते, मूल झोपते आजीकडेच. अनुदान हंगाम अर्धा सरल्यावर हाती येते ही तक्रार जुनी आहे, आणि तोवर किराणा दुकानदाराची उधारी गुरुजींच्या नावावर चढते. तिसरा उपाय अधिक भक्कम. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली: ४१ तालुके, प्रत्येकी मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकात शंभर जागा. सगळी पूर्ण भरली तरी ८,२०० मुले.

या योजनेचा खरा गुण तिच्या पैशात आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. २०२१-२२च्या हंगामात राज्यात तेरा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला. टनाला दहा रुपये धरले तर एकट्या कारखान्यांच्या वाट्याचे सव्वाशे कोटींच्या वर होतात. हा पैसा कुठल्या जिल्ह्याच्या मागासलेपणाची दया म्हणून आलेला नाही. तोडलेल्या उसातून आला आहे. तोडणाऱ्याच्या पोराचा त्यावर पहिला हक्क आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मांडलेली तक्रार याच जातीची होती: महसूल रयतेच्या घामातून यायचा आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे जायचा. फुले शाळा मागत होतेच, पण त्याआधी ते हिशेब मागत होते. आजच्या शिक्षणचर्चेत हिशेबाची ही सवय फार थोड्या लोकांना उरली आहे. अभ्यासक्रमात काय असावे यावर आपण महिनोन्महिने भांडतो, संचमान्यतेच्या निर्णयावर फक्त शिक्षक संघटना बोलतात.

वसतिगृहाला मात्र एक मर्यादा आहे आणि ती पैशाने सुटत नाही. पाच-सहा वर्षांचे मूल कोणती आई वसतिगृहात ठेवील? ठेवू नये, असेच आमचे मत. मोठ्या मुलांसाठी, विशेषतः सातवी-आठवीतल्या मुलींसाठी, वसतिगृह हवेच. कोयता म्हणजे जोडी, म्हणून जोडी जमवायच्या घाईत याच वयाच्या मुलींची लग्ने उरकली जातात. वसतिगृहाची खाट मुलीला त्यातून वाचवू शकते. पण पहिली-दुसरीची मुले आईबरोबर जाणार. त्यांच्यामागे शाळेने जायला हवे.

प्रदेशांच्या अनुशेषाचा आपला हिशेबही जागेलाच चिकटलेला आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे झाली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. या सगळ्या काळात मराठवाड्याला काय कमी पडले ते रस्ते, सिंचन, इमारती, खाटा यांत मोजले गेले. मोजायला हवेच होते. परंतु मराठवाड्यात बांधलेल्या वर्गखोलीचा लाभ मार्चपर्यंत तिथे नसलेल्या मुलाला कसा मिळायचा, हा प्रश्न त्या कोष्टकात बसला नाही. मानव विकास कार्यक्रमाने जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरले आणि १२५ तालुक्यांत मुलींसाठी एसटीच्या निळ्या बस धावू लागल्या. घर ते शाळा हे अंतरही सरकारी खर्चाचा विषय असते, हे त्या बसने दाखवून दिले. आमच्या मते अलीकडच्या शिक्षणखर्चातला तो सर्वांत शहाणा खर्च.

उलट दिशेचा विचारही आपल्याकडे झाला आहे. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेंहून अधिक शाळांचे समायोजन करायचे ठरले. २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देत वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची योजना पुढे आली. तोरणमाळसारख्या ठिकाणी, जिथे निवासाची सोय आहे, ती पटतेही. बीडकडच्या बालाघाट डोंगरातल्या तांड्या-वस्त्यांवर मात्र आधी एक विचारायला हवे: पट कमी आहे, की मुले सहा महिने बाहेर आहेत? दोन्हींचे उत्तर एकच मानले तर एप्रिलात परतलेल्या मुलाला गावात शाळाच सापडणार नाही.

मोजायची क्षमता सरकारकडे नाही, असे मात्र कोणी सांगू नये. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. महसूल खात्याची माणसे शाळाशाळांत गेली, एकच मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून बोटांना शाई लावली गेली आणि वीस लाखांच्या आसपास नावे बोगस निघाल्याचे बाहेर आले. नांदेड जिल्ह्यात श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना झालेल्या प्रयोगाचे ते राज्यव्यापी रूप होते. अनुदान लाटणारी खोटी मुले शोधायला सारे प्रशासन तीन दिवस कामाला लागू शकते. खरी मुले शोधायला जानेवारीतले तीन दिवस मिळावेत, एवढीच आमची मागणी आहे.

जानेवारीत एकदा, हंगाम ऐन भरात असताना, प्रत्येक कारखान्याच्या थळावर मुले मोजा. त्या आकड्यावरून पुढच्या हंगामापुरती पदे कारखान्याच्या तालुक्यात मंजूर करा. नवे शिक्षक भरायची गरजही फारशी पडणार नाही. ज्या गावांतले निम्मे वर्ग रिकामे होतात तिथलेच काही शिक्षक पाच महिन्यांसाठी मुलांच्या मागे प्रतिनियुक्तीवर पाठवता येतील. मुलांना ओळखीचे गुरुजी मिळतील, बेळगावकडच्या थळावर तर मराठीही मिळेल. त्यांच्या राहण्याचा खर्च आणि घरापासून दूर राहण्याचा भत्ता टनामागच्या दहा रुपयांतून निघावा. तो भरपूर असावा, नाहीतर ही शिक्षा ठरेल आणि नावडत्या शिक्षकांच्याच वाट्याला येईल.

यावर मिळणारी उत्तरे आम्हाला ठाऊक आहेत. शिक्षक बीड जिल्हा परिषदेचा, थळ सांगली जिल्हा परिषदेच्या हद्दीत. वेतन शालेय शिक्षण विभागाचे, महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे, कारखाना सहकार विभागाखाली. पोषण आहाराचा तांदूळ कोणाच्या नावावर उचलायचा, हा वाद वेगळाच. निवडणुकीच्या कामासाठी हेच शिक्षक तालुक्याबाहेर पाठवायचे असतात तेव्हा या अडचणी एका आदेशात सुटतात, हेही आम्ही पाहिले आहे.

शालेय शिक्षण विभागाच्या दारात ही मागणी नेऊन उपयोग नाही, असे आमचे मत झाले आहे. गाळप कधी सुरू करायचे हे दरवर्षी मंत्री समितीच्या बैठकीत ठरते आणि परवाना पुण्याचे साखर आयुक्तालय देते. परवान्यासाठी कारखान्याला शेतकऱ्यांच्या एफआरपीचा, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दराचा, हिशेब द्यावा लागतो. त्याच अर्जात आणखी एक रकाना घालता येईल: गेल्या जानेवारीत तुमच्या थळावर सहा ते चौदा वयाची किती मुले होती आणि यंदा त्यांची शाळा कुठे भरणार आहे. रकाना रिकामा असेल तर परवाना थांबवावा. एफआरपी थकली की तो थांबतोच.