निष्ठेवर बसवलेला कर

इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या विख्यात फुटबॉल क्लबाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, मोसम सुरू होऊन तीन महिने लोटल्यावर, एक निर्णय जाहीर केला. घरच्या मैदानावरील लीगच्या उरलेल्या सामन्यांसाठी सदस्यांना जी तिकिटे विकली जातील, त्यांचा दर सरसकट ६६ पौंड राहील. मुलांना सवलत नाही आणि वृद्धांनाही नाही. त्यापूर्वी प्रौढांना ४० पौंडांपासून आणि मुलांना २५ पौंडांपासून तिकीट मिळत असे. दोन मुलांना घेऊन सामन्यास जाणाऱ्या बापाचा खर्च त्यामुळे ९० पौंडांवरून १९८ पौंडांवर गेला. त्याला पाहावयास मिळणारा खेळ मात्र दुपटीने सुधारला नव्हता. त्या मोसमाअखेर हा संघ वीस संघांच्या लीगमध्ये पंधराव्या क्रमांकावर राहिला.

या निर्णयाविरुद्ध प्रेक्षकांनी निदर्शने केली. बड्या क्लबांच्या व्यवहारात अशी दरवाढ नित्याची झाली असल्याने बाहेरच्या जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. परंतु हा प्रश्न केवळ महागाईचा नाही. अंतिम सामन्याचे किंवा कट्टर प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या लढतीचे तिकीट महाग असावे, हे प्रेक्षकानेही एक वेळ मान्य केले आहे. त्याचा आक्षेप दुय्यम सामन्यांच्या दरवाढीला आहे. तळाच्या संघाविरुद्ध पावसाळी सायंकाळी होणारी लढत, चषक स्पर्धेची प्राथमिक फेरी, ज्या सामन्याच्या निकालाने गुणतक्त्यात काहीही हलणार नाही असा मोसमाअखेरचा सामना, यांना त्यांच्या योग्यतेप्रमाणे कमी दर असे, आणि त्या दरामुळे मोठा सामना न परवडणाऱ्या माणसाला मैदानाचे दार उघडे राही. कामगाराचा मुलगा प्रथम मैदानावर जाई तो अशाच सामन्याला. सरसकट दराने हे दार बंद होते.

कोण येतो या सामन्यांना?

अंतिम सामन्याला सारेच येतात. मंत्री येतात, नट येतात, कंपन्यांचे पाहुणे येतात, आणि आयुष्यात एकदा हे दृश्य पाहावे म्हणून परदेशचे प्रवासीही येतात. त्यांचे येणे गैर नाही. परंतु संघ सलग पाच सामने हरला असताना सहाव्या सामन्याला जो येतो, तो निराळ्या जातीचा प्रेक्षक असतो. त्याला चांगल्या खेळाची खात्री नसते, आणि बहुधा अपेक्षाही नसते. त्याचा बाप याच कट्ट्यावर उभा राहत असे, शेजारच्या खुर्चीवरचा इसम वीस वर्षे ओळखीचा आहे आणि शनिवारी दुपारी दुसरीकडे कोठे जावयाचे हे त्याला ठाऊक नाही, एवढ्याच कारणांसाठी तो येतो. दुय्यम सामन्याची दरवाढ नेमकी याच माणसाकडून वसूल होते, कारण त्या दिवशी मैदानावर मुख्यत्वे तोच असतो.

क्लबांचे चालक यावर अर्थशास्त्राचा दाखला देतात. मागणी असेल तर किंमत वाढते. ज्याला परवडत नाही त्याने घेऊ नये. खेळाडूंचे पगार आकाशाला भिडले आहेत, ते कोठून द्यावयाचे? हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु बाजाराचा नियम लागू व्हावयाचा तर गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाण्याची मोकळीक हवी. साबण महागला तर माणूस दुसरा साबण घेतो. आपला संघ महागला म्हणून शेजारच्या शहराचा संघ स्वस्तात मिळतो, असे कोणी पाठीराखा म्हणत नाही. क्लबाच्या व्यवस्थापकांना हे पुरते ठाऊक असते. पाठीराख्याला पर्याय नाही म्हणूनच त्याच्याकडून अधिक घेता येते. अशा वसुलीला किंमत म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे. तो निष्ठेवर बसवलेला कर आहे. भाडे वाढवले तरी भाडेकरू घर सोडून जाणार नाही हे ओळखून दरसाल भाडे वाढवणाऱ्या घरमालकाची ही नीती झाली.

पगाराची सबबही तपासून पाहावी लागते. याच मँचेस्टर युनायटेडचे २०२३-२४ चे उत्पन्न सुमारे ६६ कोटी २० लाख पौंड होते. त्यात सामन्याच्या दिवशी मैदानावर मिळालेला पैसा सुमारे १३ कोटी ७० लाख, म्हणजे जेमतेम पंचमांश. त्यातही कंपन्यांच्या आलिशान कक्षांचा वाटा आहेच. बाकीचा पैसा दूरचित्रवाणी आणि जाहिराती यांतून येतो. प्रीमियर लीगने २०२५ पासूनच्या चार वर्षांसाठी केवळ ब्रिटनमधील प्रक्षेपणाचे हक्क ६७० कोटी पौंडांना विकले आहेत. या रकमेपुढे मुलांच्या सवलतीचे पौंड ते कितीसे? ही वाढ केली नाही तर क्लब बुडेल, असे म्हणणे हास्यास्पद होय. शिवाय दूरचित्रवाणीला विकला जाणारा माल केवळ अकरा-अकरा खेळाडूंचा नसतो. २०२० मध्ये महामारीमुळे रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा खेळाडू तेच होते, चेंडूही तोच होता. परंतु तो खेळ पाहणाऱ्याला निर्जीव वाटला, आणि काही वाहिन्यांना गर्दीच्या आरोळ्या ध्वनिमुद्रणातून वाजवाव्या लागल्या. म्हणजे मैदानावरचा प्रेक्षक हा त्या मालाचा घटक आहे. तो आपला आवाज फुकट देतो, आणि तो देण्यासाठी त्यालाच पुन्हा पैसे मोजावे लागतात.

एका अहवालाचा विसर

हे असेच व्हावयाचे होते, असे मात्र नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत जे बळी गेले त्यांची संख्या अखेर ९७ झाली. त्या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात मोठ्या मैदानांवरील उभे राहण्याचे कट्टे काढून सर्वत्र खुर्च्या बसवाव्यात, अशी शिफारस केली. ती अमलात आली. परंतु त्याच अहवालात त्यांनी हेही नमूद केले होते की, उभ्या प्रेक्षकाच्या खिशाला परवडेल अशी दररचना खुर्च्यांसाठीही करता येईल. उदाहरण म्हणून त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाकडे बोट दाखवले होते. तेथे तेव्हा खुर्चीला सहा आणि उभे राहण्यास चार पौंड पडत. मधल्या काळातील महागाई हिशेबात धरली तरी ते सहा पौंड आज पंधरा ते वीस पौंडांच्या पुढे जाणार नाहीत. क्लबांनी अहवालातील खुर्च्या घेतल्या आणि दराचा परिच्छेद सोडून दिला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग निघाली, पैशाचा ओघ सुरू झाला, आणि सुरक्षिततेसाठी आणलेली खुर्ची गरीब प्रेक्षकाला बाहेर ठेवण्याचे साधन होऊन बसली.

जर्मनीने निराळा मार्ग धरला. तेथे १९९८ पासूनच्या नियमानुसार, मोजके अपवाद वगळता, क्लबातील निम्म्याहून अधिक मताधिकार सदस्यांच्या हाती राहतात. उभे राहण्याचे कट्टे तेथे टिकले. डॉर्टमुंडच्या दक्षिण कट्ट्यावर आजही सुमारे २५ हजार माणसे उभी राहून सामना पाहतात. जर्मन लीगच्या सामन्यांना सरासरी ३८-३९ हजारांची गर्दी होते. याची किंमत जर्मन क्लबांनी मोजलेली आहे, हेही कबूल केले पाहिजे; इंग्लिश क्लबांइतके महागडे खेळाडू त्यांना घेता येत नाहीत. परंतु मैदाने भरलेली ठेवून व्यवसाय करता येतो, एवढे तरी त्यांनी सिद्ध केले आहे. तेथील प्रेक्षक गाफीलही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये श्टुटगार्ट येथील चषक सामन्याच्या चढ्या दरांचा निषेध म्हणून डॉर्टमुंडच्या पाठीराख्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकले आणि खेळ थांबवला.

त्याच आठवड्यात लिव्हरपूलमध्येही असा प्रसंग घडला होता. नव्या सज्जातील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे होणार, असे क्लबाने जाहीर केले. ६ फेब्रुवारीला संडरलंडविरुद्धच्या सामन्यात बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होते. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. पुढल्या मोसमापासून परगावी जाणाऱ्या पाठीराख्यांसाठी लीगने ३० पौंडांची कमाल मर्यादाही घातली. एकजूट झाली तर प्रेक्षकाचे ऐकले जाते, हा यातील आशेचा भाग. परंतु ज्याला आपले म्हणणे ऐकवण्यासाठी आपल्याच संघाकडे पाठ फिरवावी लागते, त्याची अवस्था सुखाची म्हणता येणार नाही.

लहान क्लबांचे काय?

खऱ्या अडचणीत आहेत ते खालच्या विभागांतील लहान क्लब. त्यांना दूरचित्रवाणीचे घबाड मिळत नाही. दारावरचा गल्ला हाच त्यांचा मुख्य आधार. १८९४ पासून लीगमध्ये असलेल्या बरी या क्लबाची ऑगस्ट २०१९ मध्ये आर्थिक कारणांवरून हकालपट्टी झाली, तेव्हा एका गावाचा शनिवारच नाहीसा झाला. अशा क्लबांनी दर वाढवले तर त्यांना दोष देणे कठीण आहे. परंतु त्यांच्याही हिताचा विचार केला तर दरवाढ हा आत्मघातच ठरतो. मोठ्या क्लबाचा एक प्रेक्षक गेला तर त्याच्या जागी दुसरा प्रतीक्षायादीत उभा असतो. लहान क्लबाचा गेला की ती खुर्ची रिकामीच राहते, आणि त्याच्याबरोबर पुढे येणारा त्याचा मुलगाही जातो.

यावरचा उपाय ब्रॅडफर्ड सिटी या तिसऱ्या श्रेणीतील क्लबाने २०१५-१६ मध्ये करून दाखवला. संपूर्ण मोसमाचे तिकीट त्याने १४९ पौंडांना ठेवले, म्हणजे दर सामन्यास साडेसहा पौंडांच्या आसपास. त्याचे गणित सोपे होते. अर्ध्या भरलेल्या मैदानात महाग तिकीट विकण्यापेक्षा भरलेल्या मैदानात स्वस्त तिकीट विकावे. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या श्रेणीतील मरीन या चिमुकल्या क्लबाला एफ. ए. चषकात टॉटनहॅमशी खेळण्याचा योग आला. महामारीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. हाताशी आलेला गल्ला बुडणार होता. तेव्हा क्लबाने दहा पौंडांची नाममात्र तिकिटे काढली. ती घेऊन कोणालाही मैदानात पाऊल टाकता येणार नव्हते. तरीही तीस हजारांहून अधिक तिकिटे खपली, आणि त्या मैदानात माणसे मावतात जेमतेम तीन हजार. सामना मरीनने पाच गोलांनी गमावला. यावरून एवढे निश्चित दिसते की, पाठीराखा पैसे देण्यास नाखूष नसतो. मोकळेपणाने मागितले तर तो दिसणार नसलेल्या सामन्यासाठीही देतो. त्याला सलते ते आपल्या निष्ठेचा हिशेब परस्पर मांडून वसुली केली जाणे.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही

प्रेक्षकांच्या जागांवरून होणारे तंटे मुंबईने फार पूर्वी पाहिले आहेत. १९३७ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवरील जागांच्या वाटपावरून हिंदू संघाने पंचरंगी सामन्यांवर बहिष्कार टाकला होता. पुढे याच मैदानावरील तिकिटांच्या वाटपाचा तिढा सुटेना, तेव्हा शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे राहिले, आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. परंतु ती भांडणे संस्थांची होती. आपल्या सभासदांना किती जागा मिळाव्यात, याची होती. तिकिटाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याच्या वतीने कोणी भांडल्याचे क्वचितच दिसले.

जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली बारा वर्षांनंतर रणजी सामना खेळण्यास दिल्लीच्या मैदानावर उतरला. प्रवेश मोफत होता, आणि हजारो तरुण पहाटेपासून दारावर लोटले. रणजीच्या मैदानावर एरवी डब्यातली पोळीभाजी खात धावा टिपणारे काही वृद्ध तेवढे दिसतात. त्या गर्दीने दुय्यम सामन्यालाही प्रेक्षक आहे हे दाखवले, पण त्याबरोबर हेही खरे की तो एका नावासाठी आला होता. क्रिकेटला हा मोफत प्रवेश परवडतो. कोल्हापुरात पेठांच्या आणि तालमींच्या संघांवर जीव टाकणारा फुटबॉलचा प्रेक्षक, गावोगावचा कबड्डीचा प्रेक्षक यांच्या बाबतीत मात्र आयोजकांनी इंग्लंडचा धडा वेळीच घ्यावयास हवा. सरकारी करव्यवस्थेने एक रेषा आखून दिलेलीच आहे. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर माफ आहे, त्यावर अठरा टक्के. आयपीएलच्या तिकिटाला सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के. खेळ आणि करमणूक यांत फरक आहे हे करखात्याने ओळखले. तो क्रीडासंघटनांनीही ओळखावा.

इंग्लंडमध्ये २०२५ साली फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा झाला. तिकिटांचे दर बदलताना क्लबाने पाठीराख्यांचा सल्ला घेतला पाहिजे, असे बंधन त्याने घातले आहे. सल्ला ऐकण्याचे बंधन मात्र नाही. तेवढ्याने भागणार नाही. मुलांची आणि वृद्धांची सवलत काढून घेता येणार नाही, मोसमाच्या मध्यावर दर बदलता येणार नाहीत आणि दुय्यम सामन्यांत काही जागा अल्प दरात राखून ठेवल्या जातील, हे तीन नियम कोणत्याही क्लबाला सहज पाळता येण्याजोगे आहेत. त्यांनी कोणाचे दिवाळे निघणार नाही. दुष्काळ सर्वच संघांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येतो. विजेतेपदे जातात, नामवंत खेळाडू जातात, पाहुणे आणि प्रवासीही दुसरीकडे वळतात. त्या दिवसांत मैदानावर जो उरतो, त्याला आज परवडेल अशी जागा ठेवणे हे दानधर्माचे काम नव्हे. क्लबाने आपल्याच भवितव्याचा उतरवलेला तो विमा आहे.