तिथे काही नाही म्हणे!

मागच्या सोमवारी ऑफिसात लडाखचे फोटो बघायचा सामुदायिक कार्यक्रम झाला. टीममधले चौघं बुलेटवरून मनाली-लेह करून आले होते. आधी पँगाँग, मग बुलेट आणि पँगाँग, मग बुलेटवर बसून पँगाँगकडे पाठ केलेला बॉस. ('थ्री इडियट्स' २००९ साली आला, पण त्या तळ्याला अजून सुटका नाही.) आणि मग तो फोटो आला. दगडावर दगड, त्यावर दगड असे रचलेले चाळीसेक मनोरे. "मीपण एक लावला, इच्छा पूर्ण होते म्हणे," इति एक बुलेटवीर.

मी म्हटलं, "अरे, पण ते दगड कशाला हलवलेस?"

सगळे हसले. "दगडच आहेत रे! तिथे दुसरं आहे काय? टोटल ओसाड."

जेवणाची सुट्टी संपली म्हणून मी गप्प बसलो. आज शनिवार आहे, तेव्हा सावकाश भांडतो.

काही वर्षांपूर्वी मी त्सो मोरिरीला गेलो होतो. साडेचार हजार मीटर उंची, डोकं ठणकतंय, आणि करण्यासारखं काही नाही म्हणून उताणा पडलो होतो. कूस बदलताना एक चपटा दगड सरकला. खालची माती वरच्या मातीपेक्षा गडद होती, हाताला किंचित ओलसर. तिच्यात एक काळा, मंद, बोटाच्या पेराएवढाही नसलेला भुंगेरा. उडाला नाही. दोन-चार पावलं चालला आणि माती उकरून आत शिरायला लागला. मी दगड होता तसा ठेवून दिला. तेव्हा समजूतदारपणाने नव्हे, घाबरून.

परत आल्यावर वाचायला लागलो. टेनेब्रिओनिडी नावाचं एक अवाढव्य कुळ आहे, वीस हजारांहून जास्त वर्णन झालेल्या जाती. नाव लॅटिनमधल्या अंधारावरून आलंय. तुमच्या डब्यात रवा-मैदा जुना झाला की जे बारीक तांबूस किडे निघतात, तेही याच घराण्यातले. त्या किड्याचा, म्हणजे ट्रायबोलियमचा, पूर्ण जीनोम २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या डोंगरातल्या चुलतभावंडांपैकी ॲसेलोसोडिस ही एक प्रजाती हिमालय आणि तिबेटच्या उंच, कोरड्या भागातली. तिच्यातल्या जातींना उडता येत नाही. माझा भुंगेरा तिच्यातलाच होता असा माझा दावा नाही, हे भुंगेरे फोटोवरून ओळखायची गोष्ट नव्हे.

या किड्यांची बांधणी बघण्यासारखी असते. न उडणाऱ्या कित्येक जातींत पाठीवरचे दोन कडक पंख एकमेकांना चिकटून बंद झालेले असतात. त्याखाली हवेची पोकळी राहते आणि श्वासाची छिद्रं त्या पोकळीत उघडतात, म्हणजे श्वास घेताना अंगातलं पाणी कमी उडतं. उडणं देऊन टाकलं, पाणी वाचवलं. सौदा छान आहे, पण त्यात एक अट आहे: घर मोडलं तर दुसरीकडे उडून जाता येत नाही.

आणि घर म्हणजे तो दगड. आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजातले एम. एस. मणी यांनी १९५०च्या दशकात वायव्य हिमालयात मोहिमा काढून उंचावरच्या कीटकांचा अभ्यास केला. १९६८ साली त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग असा. इतक्या उंचीवर हवा विरळ, ती फारशी तापत नाही, पण उन्हात दगड आणि जमीन भयंकर तापतात आणि रात्री गोठतात. या दोन टोकांच्या मध्ये राहण्याजोगी जागा उरते ती दगडाखाली. तिथे ओल टिकते, तापमान कमी हलतं. आणि खाणं? बरंचसं खालून येतं! वारा मैदानातले किडे आणि परागकण उचलून वर नेतो, ते बर्फावर पडून गारठतात आणि बर्फाच्या कडेला राहणाऱ्यांचं जेवण होतं. याला ओसाड म्हणायचं?

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. कॉलममध्ये नल आहे आणि तुम्ही त्याला झिरो समजून बेरीज केलीत, तर कोड रिव्ह्यूमध्ये तुमची काय अवस्था होते? "तिथे काही नाही" हे वाक्य म्हणजे तोच बग. कुणी मोजलंच नाही, म्हणून शून्य. लडाखमधल्या या कुळाची बरीचशी मूळ माहिती फर्डिनांड स्टोलिचका या भूशास्त्रज्ञाने यार्कंद मोहिमेत (१८७३-७४) गोळा केलेल्या नमुन्यांवर उभी आहे. बिचारा परतीच्या वाटेवर जून १८७४ मध्ये लडाखमध्येच उंचीच्या आजाराने गेला. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे. त्याच्या भुंगेऱ्यांवरचा बेट्सचा लेख १८७९ साली छापून आला. तोवर त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती.

आता नेहमीचे प्रश्न. "एक किडा गेला तर कुणाचं काय अडतं?" सेशेल्समध्ये फ्रेगेट नावाचं जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं बेट आहे. याच कुळातला एक मोठा, न उडणारा भुंगेरा जगात फक्त तिथे राहतो. १९९५ साली बेटावर उंदीर घुसले. लोकांनी भुंगेरे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन वाढवले आणि २००० साली बेटावरचे उंदीर संपवले. कुणाचंही काही अडत नव्हतं, तरी केलं. आपल्याला तर फक्त दगड न हलवण्याचं काम आहे.

"मग लडाखी लोक रचतात ते?" मणी भिंती, खिंडीतले ल्हाथो हे त्यांच्या श्रद्धेचं आहे, ठरलेल्या जागी, पिढ्यान्‌पिढ्या. २०२२ साली लडाखला पाच लाखांवर पर्यटक गेले. त्यातल्या दहातल्या एकाने पाच दगड उचलले तरी हिशोब करा.

गंमत बघा. २००८ साली दार्जिलिंगजवळ सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना किडे पकडले म्हणून दोन चेक कीटकतज्ज्ञांना अटक झाली, कोर्टाने दोषी धरलं. (स्टोलिचकाही मोराव्हियाचा, तिकडचाच!) कायदा बरोबरच आहे. पण किडा उचलणारा गुन्हेगार आणि त्याचं छप्पर काढून इन्स्टाग्रामवर टाकणारा ट्रॅव्हलर, हे काही मला पटत नाही.

आणि हे फक्त बुलेटवाल्यांपुरतं नाही. लडाखमध्ये १३ गिगावॅटचा अक्षय ऊर्जा प्रकल्प येऊ घातलाय. त्याच्या वीजवाहिन्यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, सुमारे २०,७७४ कोटी. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. मी दिवसभर एसीत बसून सर्व्हर तापवतो, कुठल्या तोंडाने करू? पण पॅनेल ठोकण्याआधी कुणीतरी दोन-तीन उन्हाळे तिथे गुडघ्यांवर बसून दगडाखाली बघावं, एवढी मागणी जास्त आहे का? "पडीक जमीन" असा शिक्का मारला की तेवढेही कष्ट वाचतात, म्हणून तर तो इतका लाडका आहे.

काल तो बुलेटवीर चहाला भेटला. पुढच्या वर्षी हानलेला जायचं म्हणतोय, वर उमलिंग ला, १९,०२४ फूट. मी म्हटलं, जा, पण कुठला दगड उचललास तर खाली बघ, आणि त्याच बाजूवर, त्याच खळग्यात परत ठेव. मनोरा लावू नकोस.

"आणि इच्छा?"

म्हटलं, अप्रेझलला अजून वर्ष आहे, तोवर काम कर.