शिस्त म्हणे शौर्याला मारक!

परवा रेणापुरात एका वक्त्यांनी हवाई दलाच्या अपघातांचा निकाल लावून टाकला. जुनी विमानं, कंजूष सरकार आणि वैमानिकामागे लागलेला नियमांचा ससेमिरा, ही तीन कारणं. लढवय्याला मोकळं सोडा, चौकशा लावून त्याचं खच्चीकरण करू नका, हा उपाय. टाळ्या पडल्या. पडणारच, टाळ्या वाजवणाऱ्याला कुठे विमानात बसायचं असतं!

जुन्या विमानांचं आधी उरकू. मिग-21 फार काळ ताणलं, 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला त्याला निरोप दिला, हे कबूल. पण 4 जून 2024 ला निफाड तालुक्यातल्या शिरसगावच्या शेतात कोसळलं ते मिग नव्हे, सुखोई होतं.

आता काश्मीरमधलं बडगाम, ज्याचं वक्त्यांनी नावही काढलं नाही. 27 फेब्रुवारी 2019, बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाकिस्तानी विमानं चालून आलेली, श्रीनगरचा तळ सावध. तेवढ्यात हवाई दलाचंच एमआय-17 व्ही-5 हेलिकॉप्टर आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्रानं पाडलं. आतले सहाही जण गेले. त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. जमिनीवरचा एक गावकरीही गेला. हेलिकॉप्टर जुनाट नव्हतं आणि क्षेपणास्त्र इस्रायली बनावटीचं, म्हणजे कंजुषीचाही प्रश्न नाही. आपलं कोण नि परकं कोण हे ओळखायचं यंत्र हेलिकॉप्टरवर असतं: जमिनीवरून विचारणा होते, यंत्र ठरलेल्या संकेतानं उत्तर देतं. चौकशीत निघालं की ते यंत्र बंद होतं, आणि तळ व हेलिकॉप्टर यांच्यात ताळमेळ नव्हता. नियम होते, ते पाळले जातायत का हे बघणारं कुणी नव्हतं. 4 ऑक्टोबर 2019 ला हवाई दल प्रमुखांनी ही आपली मोठी चूक असल्याचं जाहीर सांगितलं. वक्त्यांच्या हिशेबी हे खच्चीकरण. मग मांडवगण्यांच्या घरी काय सांगायचं होतं, विमान जुनं होतं?

आपलं ब्रह्मोस क्षेपणास्त्र 9 मार्च 2022 ला चुकून पाकिस्तानात जाऊन पडलं, तेही नियम डावलल्यानंच. तीन अधिकारी बडतर्फ झाले.

'मोकळं सोडा'ची गोष्ट अमेरिकेनं करून पाहिली आहे. फेअरचाइल्ड तळावरचा एक बी-52 वैमानिक वर्षानुवर्षं मर्यादा मोडून विमान वाकवायचा, वरिष्ठ कानाडोळा करायचे. एका अधिकाऱ्यानं त्याला थांबवायला सांगितलं. कुणी ऐकेना, तेव्हा आपली माणसं त्याच्यासोबत न धाडता तो स्वतःच बसू लागला. 24 जून 1994 ला विमान आपटलं. मेलेल्या चौघांत तो अधिकारीही होता. आपल्याकडेही उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून बिनदिव्याचा ट्रॅक्टर रात्री हाकणाऱ्याला मर्द म्हणणारे काही कमी नाहीत.

हा वाद जुनाच. अपघात झाला की कुणीतरी म्हणतं, विचारू नका, मनोधैर्य खचेल. विचारणाऱ्याकडे देशप्रेमाचा दाखला मागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलला मिळतो, हा कोणत्या खिडकीवर मिळतो?

आमचं म्हणणं थोडकं आहे. उड्डाणाला मंजुरी देणाऱ्यानं वैमानिकाची झोप, सराव आणि हवामान बघून सही करावी. नको म्हणायचं तर म्हणावं. आपली चूक स्वतःहून कळवणाऱ्याला शिक्षा नको, जाणूनबुजून नियम मोडणारा मात्र छातीवर पदकं असली तरी खालीच ठेवावा. बीदरचा तळ आपल्यापासून दूर नाही, तिथे हॉक विमानांवर पोरं लढाऊ उड्डाण शिकतात. त्यांच्या आईबापांना असला कडक वरिष्ठच हवा असणार.

वक्त्यांना एवढीच विनंती: पुढच्या भाषणात दहा मिनिटं बडगामवर बोला. माइकचं भाडं आम्ही भरू.