खरवस कुणाचा?

वसुबारस जवळ आली की माझा हात आपोआप टेलिफोनकडे जातो. नांदुऱ्याच्या मामेभावाला फोन लावायचा, पाऊसपाणी, कपाशीचा भाव वगैरे विचारून व्हायचं आणि मग जणू आत्ताच आठवल्यासारखं म्हणायचं, "काय रे, गोठ्यात कुणी व्यायली का?" या चौकशीतली मेख त्यालाही ठाऊक असते. वाचकहो, तुमच्याही घरून असा एखादा फोन जात असेलच. खरवसाच्या बाबतीत आपण शहरातली माणसं जरा निर्लज्जच!

गेल्या दिवाळीत मात्र मी फोन न करता सरळ गाडीत बसले. मुंबई-नागपूर लोहमार्गावर मलकापूरच्या पुढे नांदुरा लागतं. हल्ली लोक ते 105 फुटी हनुमानाच्या मूर्तीसाठी ओळखतात. माझं ते आजोळ. आणि आजोळ म्हटलं की मला आधी आठवतो तो मामांचा गोठा, आणि त्यात मेलेलं एक वासरू.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मामांची पांढरी गाय पहाटे व्याली. घरचा दंडक असा, की वार पडेपर्यंत वासराला आचळाला लावायचं नाही. लावलं तर ते आजारी पडतं म्हणे. वार पडायला दुपार टळली. तोवर कास तटतटली म्हणून मामांनी चीक पिळून घेतला, आणि आजीनं त्यात गूळ, वेलदोडा, जायफळ घालून खरवस लावला. आम्ही पोरांनी ताटल्या चाटूनपुसून साफ केल्या. वासराला संध्याकाळी जे मिळालं ते मिळालं. चौथ्या दिवशी त्याला पांढरी हगवण लागली, सहाव्या दिवशी ते गेलं. आजी म्हणाली, दृष्ट लागली. पुढे त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवायचे, म्हणजे ती पान्हा सोडायची. ती ते चाटायची. मी पुढे बरेच दिवस गोठ्यात पाऊल टाकलं नाही.

माझा भाऊ आता गोठा सेंद्रिय पद्धतीनं चालवतो. वसुबारसेच्या आदल्या रात्री, दोनच्या सुमाराला, वहिनीनं मला हलवून उठवलं. गाय व्याली होती. वासरू उभं राहायला धडपडत होतं आणि पुन्हा पुन्हा बसकण मारत होतं. वहिनीनं कोमट पाण्यानं कास धुतली, पहिल्या चार धारा बाजूला सोडल्या आणि वासराचं तोंड आचळाशी नेलं. त्याला ओढता येईना. तेव्हा तिनं चीक बाटलीत काढला, बूच बसवलं आणि त्याची मान किंचित उचलून हळूहळू पाजू लागली.

"वार पडली का गं?" माझ्या तोंडून जुनंच निघालं.

"पडीन तिच्या टायमाले. त्याच्यापायी वासराले काऊन उपाशी ठेवायचं, ताई?"

माणसाच्या बाळाला आईकडून रोगाशी लढणारी काही द्रव्यं पोटात असतानाच मिळतात. गाईची वार ती द्रव्यं आतून पुढे जाऊ देत नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्यापाशी संरक्षण जवळजवळ नसतंच. ते सगळं चिकात असतं. आणि त्याला वेळेचं बंधन आहे. ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेण्याची वासराच्या आतड्याची ताकद पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते, मग उतरत जाते, आणि दिवसभरात दार जवळजवळ बंद होतं. त्यानंतर बादलीभर पाजला तरी पोट भरेल, पण ते संरक्षण मिळणार नाही. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत पहिला चीक, आणि दिवसभरात वासराच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. वीस किलोच्या वासराला दोन लिटर. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी 1922 सालीच दाखवून दिलं होतं, की चिकावाचून ठेवलेली वासरं बहुतेक दगावतात. आमच्या मामांपर्यंत ते पोचलं नव्हतं. वासरू आचळाला लागलं की वार पडायलाही मदतच होते, हेही नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री कळली आणि खरवसाची ताटली डोळ्यांपुढे आली. विरजणावाचून खरवस थिजतो कसा? पहिल्या चिकात नेहमीच्या दुधाच्या चौपट प्रथिनं असतात, आणि त्यातला मोठा वाटा याच रोगाशी लढणाऱ्या द्रव्यांचा. वाफेनं ती गोठतात. आपण जी वडी कापतो ती वासराची ढालच.

भावाच्या थंड कपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात तारखा लिहिलेल्या छोट्या बाटल्या होत्या. जुन्या, तीन-चार वेतं झालेल्या गाईंचा उरलेला चीक! एखादी गाय आटली किंवा मेली तर तो कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवायचा; उकळला की संपलं. बाजारात चिकाची भुकटीही मिळते. अडीनडीला ती असावी, पण भावाचं म्हणणं मला पटलं, की आपल्या गोठ्यातल्या रोगांची ओळख आपल्याच गोठ्यातल्या गाईला. सेंद्रिय गोठ्यात रोग येऊ नये म्हणून सरसकट प्रतिजैविकं चारायला मनाई असते, तेव्हा हा चीक सांभाळण्याला पर्यायच नाही. माणसांसाठी चिकाच्या गोळ्या निघाल्यात त्यांचं मला कौतुक नाही. आपल्याला आपल्या आया होत्या.

दुसऱ्या दिवशी वसुबारसेला वहिनीनं गाय-वासराला ओवाळलं. वासरू तोवर शेपटी वर करून उड्या मारत होतं. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी जेवताना मी खरवसाचा शब्द काढला नाही. तिनंच काढला. "तुमचा वाटा परवा, ताई."

तिसऱ्या दिवसाचा चीक पातळ. डब्यातून घरी आणला तेव्हा खरवस चमच्यानं खावा लागला. "यंदा जमला नाही वाटतं," असं आमच्याकडे म्हणून झालं.

घरात फारच ओरड झाली तर सांगते: दूध, घट्ट दही आणि डब्यातलं गोड आटवलेलं दूध सारख्या मापानं घ्या, केशर-वेलदोडा घाला, वीस-पंचवीस मिनिटं वाफवा आणि गार झाल्यावरच कापा. चव बरीच जवळ जाते. जाळी मात्र तशी पडत नाही.