आष्टीची लढाई आणि साताऱ्याचा जाहीरनामा

आफ्रिकेच्या वसाहतीकरणाविषयी आपल्याकडे बोलणे निघाले, की ते बहुधा मॅक्झिम बंदूक आणि मिशनरी या दोहोंपाशी थांबते. १८९८ साली ओमदुरमानला एका सकाळी महदीपंथीयांची दहा हजारांच्या आसपास माणसे पडली आणि समोरच्या बाजूची जेमतेम पन्नास, हे वाचल्यावर तसे वाटणे साहजिक आहे. परंतु बंदुकीने लढाई जिंकता येते; मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांनी अफाट मुलखावर पुढे अर्धशतक राज्य कसे केले, हे काही तिच्यावरून उमगत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर शोधायला माढ्याच्या माणसाने फार दूर जाण्याचे कारण नाही.

माढ्यापासून जवळच, आज मोहोळ तालुक्यात मोडणारी आष्टी आहे. २० फेब्रुवारी १८१८ रोजी तेथे बापू गोखले पडले, बाजीराव निसटला आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. (इंग्रजांच्या बाजूने चालून गेलेल्या घोडदळात मद्रासचे देशी स्वारही होते, हे आपण सहसा सांगत नाही.) आपल्या स्मरणात बापूंचे शौर्य आणि पेशव्याचे पलायन एवढेच उरले आहे. खरी लढाई मात्र नऊ दिवस आधी, ११ फेब्रुवारीला, कागदावर झाली होती. एल्फिन्स्टनने साताऱ्यात काढलेल्या जाहीरनाम्यात छत्रपतींना राज्य देण्याचे आश्वासन होते. धर्मात हात घालणार नाही, वतने व इनामे चालू राहतील, असेही होते. त्याच दमात ताकीद होती, की वतनदारांनी बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांत आपापल्या गावी परतावे, अन्यथा जमिनी जप्त होतील.

परतणाऱ्यांना फितूर म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने देऊन रयतेला पिळून काढले होते. ज्या राज्याने आपल्याच गावांना नाडले, त्याच्यासाठी वतन पणाला लावावे असे कुणाला का वाटावे? कंपनीने नेमकी हीच भेग हेरली.

आता उत्तर नायजेरियाकडे पाहू. मार्च १९०३ मध्ये सोकोतो पडल्यावर लुगार्डने काय केले? पळालेल्या सुलतानाच्या जागी त्याच घराण्यातला दुसरा बसवला, इस्लाममध्ये ढवळाढवळ करणार नाही असे वचन दिले आणि नेमण्या-काढण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे ठेवला. हा लुगार्ड १८५८ साली मद्रासेत जन्मलेला. त्याने साताऱ्याचा कित्ता समोर ठेवला होता असा माझा दावा नाही. पण गादी तीच ठेवून किल्ली आपल्या कमरेला लावण्याची ही विद्या साम्राज्याच्या अंगवळणी हिंदुस्थानात पडली, एवढे खास.

त्या किल्लीचा अनुभव प्रतापसिंहांना लवकरच आला. १८३९ साली त्यांना पदच्युत करून काशीला धाडण्यात आले, १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला आणि पुढच्याच वर्षी दत्तक नामंजूर करून सातारा खालसा झाले. ज्या वतनदारांना १८१८ साली अभय मिळाले होते, त्यांच्या इनामांच्या सनदा तपासायला १८५२ साली इनाम कमिशन बसले.

या मंडळींनी ग्रंथही लिहिले, हे वाङ्मयाच्या वाचकाने विसरू नये. साताऱ्याच्या दरबारी कंपनीचा पहिला प्रतिनिधी म्हणून बसलेल्या ग्रँट डफनेच मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ मध्ये छापला. लुगार्डने १९२२ मध्ये आपल्या कारभाराचे तत्त्वज्ञान ग्रंथरूपाने मांडले. चिनुआ अचेबेच्या १९५८ सालच्या पहिल्या कादंबरीचा शेवट एका गोऱ्या जिल्हाधिकाऱ्याच्या मनातल्या नियोजित पुस्तकापाशी होतो. सबंध कादंबरीभर आपण ज्याच्यासोबत जगलो, त्या नायकाला तो त्यात फार तर एक परिच्छेद देणार असतो.

आपला रंगो बापूजी गुप्ते प्रतापसिंहांची बाजू मांडत लंडनमध्ये १८५३ पर्यंत वर्षानुवर्षे दारे ठोठावीत राहिला. त्याच्या हाती पुरावा म्हणून होते ते इंग्रजांनीच करून दिलेले १८१९ सालच्या तहाचे कलमबंद आश्वासन.